कोल्हापूरचा शरद: नवरात्रापासून त्रिपुरारीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पितृपंधरवडा संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची मावसबहीण, ठाण्यातला जुना रूममेट, बायकोच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी सासूबाई. सगळ्यांचे प्रश्न तेच आणि माझी उत्तरंही तीच. तेव्हा म्हटलं, एकदाच लिहून ठेवावं आणि पुढच्या फोनला हेच पाठवून द्यावं.

अंबाबाईच्या दर्शनाला किती वेळ लागतो?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. नवरात्रात रांगेत काही तास जाणार, हे धरूनच निघायचं. शनिवार-रविवार, पंचमी आणि अष्टमीला तर विचारूच नका. मुखदर्शनाची रांग वेगळी असते. तिथून आई लांबून दिसते, पण दिसते. घरात गुडघे धरलेली माणसं असतील तर त्यांना सरळ मुखदर्शनालाच न्या.

माझं खरं म्हणणं मात्र वेगळं आहे. बाहेरगावची माणसं पहाटे येतात, सहा तास रांगेत उभी राहतात, घाईघाईत तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात, चप्पल घेतात आणि परत जातात. नवरात्र बघितलं असं त्यांना वाटतं. बघितलेली असते ती रांग. कोल्हापूरचं नवरात्र देवळात जेवढं आहे, त्याच्या दुप्पट रस्त्यावर आहे. आई स्वतः बाहेर पडते, तिच्यासाठी रस्ता सारवला जातो, रांगोळ्या पडतात. त्या दिवशी तुम्ही रांगेत नसून कुठल्या तरी तिकटीवर, म्हणजे तिठ्यावर, उभे असायला हवं.

अंबाबाई की महालक्ष्मी?

कोल्हापुरात अंबाबाई. रिक्षावाल्याला ‘महालक्ष्मी मंदिर’ म्हणालात तरी तो सोडेल, पण तुम्ही पाहुणे आहात हे त्याला कळलेलं असेल.

यंदा तारखा काय?

बहुतेक सगळं तिथीवर चालतं, त्यामुळे दरवर्षी तारखा मागेपुढे होतात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक महिना येत असल्याने सगळंच पुढे सरकतं. घटस्थापना ११ ऑक्टोबर, दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. याला अपवाद फक्त किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो सोहळा. तो सूर्यावर चालतो, त्याला आपल्या पंचांगाशी देणंघेणं नाही. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखा दरवर्षी ठरलेल्या. म्हणजे २०२६ ला किरणोत्सव थेट दिवाळीतच येतो. रजा टाकताना हे लक्षात ठेवा, एका दगडात दोन पक्षी.

नवरात्रातला एकच दिवस जमणार असेल तर कुठला धरू?

ललिता पंचमी. काहीजण अष्टमी म्हणतील, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, पण माझं मत पंचमी.

मागची गोष्ट अशी. अंबाबाईने कोल्हासुराला मारलं. त्याचा मुलगा कामाक्ष चिडला, योगदंड मिळवला आणि देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीने त्याला मारलं आणि सगळ्यांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि शहराबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. तीच आपली टेंबलाईची टेकडी. आता थोरल्या बहिणीने काय करायचं? उठायचं आणि समजूत काढायला जायचं. म्हणून दर पंचमीला अंबाबाई पालखीत बसून लवाजम्यासकट टेंबलाईला जाते. तुळजाभवानी आणि छत्रपती घराण्याच्या गुरुमहाराजांच्या पालख्याही बरोबर असतात. आमच्याकडे लग्नात आमंत्रण द्यायचं राहिलं की अजून दहा-दहा वर्षं बोलणं बंद राहतं. आईने ते दरवर्षी निस्तरायचं ठरवलं, एवढाच काय तो फरक.

टेकडीवर दोघी बहिणींची भेट होते आणि कोहळा फोडतात. कोहळा म्हणजे तो राक्षस. तो फोडायचा मान गुरवांच्या घरातल्या कुमारिकेचा. लहानशी पोर, परकर-पोलकं नेसलेली, हातात त्रिशूळ आणि तिच्यासमोर तिच्या निम्म्या अंगाएवढा कोहळा. छत्रपती घराण्यातली मंडळी हजर असतात. तिने घाव घातला की पुढच्या क्षणाला काय होतं ते सांगून कळणार नाही. कोहळ्याचा तुकडा घरात ठेवला तर बरकत येते असं मानतात, त्यामुळे हजार माणसं एका कोहळ्यावर तुटून पडतात. पोलिसांची दोरखंडं, कडी, सगळं क्षणभर नावापुरतं उरतं. मी कॉलेजला असताना त्यात घुसलो होतो. बोटाच्या पेराएवढा तुकडा मिळाला आणि एक चप्पल गेली. माझ्या आईने तुकडा देव्हाऱ्यात ठेवला आणि चपलेबद्दल चार शब्द सुनावले.

लहान मुलं बरोबर असतील तर टेकडीवर जाऊच नका. शाहू मिल किंवा टाकाळ्याच्या बाजूला रस्त्याकडेला सकाळी लवकर जागा धरा. पालखी समोरून जाते, हात जोडायला निवांत वेळ मिळतो. गर्दी एकदा पुढे सरकली की त्याच रस्त्यावर कुणीतरी तुम्हाला सरबताचा पेला नाहीतर केळं हातात देईल. घ्या. नको म्हणणं बरं दिसत नाही.

आणि अष्टमीला काय असतं?

अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते. सजवलेल्या वाहनातून महाद्वारातून बाहेर पडते, गुजरीतून भवानी मंडपात जाते, तिथे तुळजाभवानीची भेट होते, मग गुरुमहाराज वाडा, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश असं करत परत महाद्वारात. नऊ-साडेनऊनंतर सगळं सुरू होतं आणि देवळात परतायला मध्यरात्र होते.

हा दिवस चुकवू नये तो रांगोळ्यांसाठी. संध्याकाळी सहाला गुजरीत जा. सोन्याच्या दुकानांचे शटर अर्धे खाली आलेले असतात, मधला रस्ता धुतलेला असतो आणि पोरं-पोरी गुडघ्यावर बसून रंग भरत असतात. कुणी चाळणीने रंग पाडतंय, कुणी दोरी धरून वर्तुळ मारतंय, एखादा म्हातारा वरून सूचना देतोय आणि त्याचं कुणी ऐकत नाही. नऊ वाजेपर्यंत आख्खा रस्ता झाकतो. मग फुलांच्या पायघड्या. मग ती येते आणि दोन मिनिटांत सगळ्या रांगोळीवरून माणसांचे पाय फिरतात. काढणारेच पुढे होऊन नमस्कार करत असतात, कुणाला त्याचं वाईट वाटलेलं मी अजून बघितलं नाही.

त्या दिवशी देवीची पूजा महिषासुरमर्दिनीच्या रूपात बांधलेली असते. खरं तर नवरात्रात रोजच वेगळी अलंकार पूजा असते आणि घरोघरी संध्याकाळचा पहिला प्रश्न असतो, ‘आज कुठली पूजा बांधलीया?’ रोज रात्री देवळाच्या आवारात पालखी फिरते. त्या वेळी आवारात उभं राहायला मिळालं तर रांगेचा शीण उतरतो.

दसऱ्याला चौकात सोनं लुटायला आम्हीही जाऊ शकतो का?

जाऊ शकता म्हणजे काय, जायलाच हवं. या सीमोल्लंघनाला जुनी माणसं अजून ‘शिलंगण’ म्हणतात.

दसरा चौकात मध्ये राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि कडेला त्यांच्याच काळातलं मुस्लिम बोर्डिंग. चौकात लकडकोट उभारतात, त्यात शमीची नि आपट्याची पानं. दुपारी चारपासून लोक जमायला लागतात. तिन्ही पालख्या येतात. मग छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी येते. भगव्या रंगाची, १९३० च्या दशकातली, राजाराम महाराजांच्या काळात घेतलेली. ती वळणावर दिसली की चौकातली सगळी पोरं टाचा उंच करतात. एरवी राजेशाहीबद्दल दोन तास वाद घालणारा माझा एक मित्र या गाडीचं इंजिन ऐकायला दरवर्षी दोन तास आधी येऊन उभा राहतो.

सूर्य मावळायच्या सुमाराला शमीपूजन होतं, आरती होते, बार उडतात आणि लोक लकडकोटावर धावतात. पानं ओरबाडायची, एकमेकांना द्यायची, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणायचं. अनोळखी माणसालाही द्यायचं असतं, लाजू नका. मोठ्यांच्या हातात सोनं ठेवलं की वाकून नमस्कार करायचा.

उभं कुठे राहायचं? चौकाच्या मध्यात शिरलात तर गाडी दिसेल, पण सोहळा संपेपर्यंत बाहेर पडता येणार नाही. ज्याला बाथरूमची काळजी आहे त्याने कडेलाच थांबावं. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतोय.

गाडी कुठे लावायची?

देवळाजवळ नाही. बिंदू चौकात पार्किंग आहे, पण नवरात्रात ते सकाळीच भरतं आणि आजूबाजूचे रस्ते बंद असतात. महामार्गावरून तावडे हॉटेलच्या कमानीतून आत आलात की पोलिसांनी लावलेल्या पार्किंगच्या पाट्या बघा, मिळेल तिथे गाडी टाका आणि पुढे रिक्षा नाहीतर पाय. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभरात आणून सोडते. पुण्याहून एसटी आहेच, अंतर साधारण २३० किलोमीटर. माझा सल्ला विचाराल तर या नऊ दिवसांत स्वतःची गाडी आणूच नका.

राहायची सोय?

आधी करा. लेखी घ्या. आमच्या पाहुण्यांनी एकदा फोनवर खोली ठरवली होती. अष्टमीला दारात गेल्यावर लॉजवाल्याने ठरल्यापेक्षा दुप्पट भाडं सांगितलं आणि ‘नसेल परवडत तर मागे रांग आहे’ म्हणाला. मग सहा माणसं आमच्या दोन खोल्यांत झोपली. मजा आली, पण दरवर्षी ती मजा नको.

नवरात्रात मटण मिळतं का?

हॉटेलात मिळतं. घरांमध्ये बरेच जण नऊ दिवस पाळतात, त्यामुळे कुणाकडे पाहुणे म्हणून आलात तर विचारू नका, वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी गोड मानून घ्या. दसरा झाला की शहर भरून काढतं.

जोतिबाला त्याच फेरीत जाता येईल?

येईल. जोतिबाचं वाडी रत्नागिरी कोल्हापूरपासून वीस किलोमीटरच्या आत आहे. चैत्र यात्रेइतकी गर्दी नवरात्रात नसते, पण असते. गुलालाची तयारी ठेवा, पांढरे कपडे घालू नका. ‘चांगभलं’ मोठ्याने म्हणायचं, पुटपुटायचं नाही. वाटेत वेळ असेल तर पन्हाळा, आणि पाऊस नुकताच संपला असेल तर पन्हाळ्यापलीकडचं मसाई पठार. तिथली रानफुलं दसऱ्यापर्यंत थोडीफार तग धरतात.

कोजागरीला काही खास?

घरोघरी गच्चीवर आटीव दूध, तालमीत आणि मंडळात भेंड्या. बाहेरच्या माणसाला मी मात्र गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पाठवतो. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, फेसाळता पेला थेट हातात. हे कोजागरीपुरतं नाही, एरवीही चालतं. पोट नाजूक असेल तर अर्धाच पेला घ्या.

पट्टणकोडोलीची यात्रा म्हणजे काय? फोटोत सगळं पिवळं दिसतं.

प्रत्यक्षात त्याहून पिवळं असतं.

हातकणंगले तालुक्यातलं पट्टणकोडोली हे विठ्ठल-बिरदेवाचं ठाणं. कोजागरी आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत इथे धनगर समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून माणसं येतात, मेंढरांमागे वर्षभर फिरणारी कुटुंबं इथे भेटतात. सोलापूरकडच्या अंजनगावहून फरांडेबाबा पायी चालत येतात. यात्रेचा मुख्य क्षण म्हणजे बाबांचं हेडाम. हातात तलवार घेऊन ते ढोलाच्या ठेक्यावर नाचत देवळाकडे येतात आणि भाकणूक सांगतात: पाऊस कसा पडेल, धान्याचं काय होईल, राजकारणात काय उलटापालट होईल. लोक कान टवकारून ऐकतात आणि मग महिनाभर चहाच्या टपरीवर तिचे अर्थ लावतात.

त्या वेळी वरून भंडारा, खोबरं आणि लोकर उधळतात. भंडारा म्हणजे हळद. ती मुठीने नाही, पोत्याने उडते. दोन-तीन मिनिटं समोरचा माणूस दिसत नाही. ढोल छातीत वाजतात, मोठमोठ्या रंगीत छत्र्या हेलकावत असतात आणि डोक्यावर खोबऱ्याची वाटी येऊन आदळते. आदळली तर उचलून घ्या, प्रसाद आहे.

तयारी: जुने कपडे, डोळ्यांना साधा चष्मा, नाकाला रुमाल, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. दम्याचा त्रास असेल तर लांबच्या एखाद्या गच्चीवरून बघा. माझा एक शर्ट तीन वर्षं झाली अजून लिंबाच्या रंगाचा आहे आणि बायकोने त्याला गाडी पुसायच्या कामाला लावलंय. परतताना एसटीत सगळेच पिवळे असतात, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही.

दिवाळीत कोल्हापुरात बघण्यासारखं काय? दिवाळी तर सगळीकडेच असते.

म्हशी.

हसू नका. पाडव्याला आणि भाऊबीजेला इथले गवळी म्हशी सजवून रस्त्यावर काढतात. पंचगंगा घाट, शनिवार पेठेतली गवळी गल्ली, कसबा बावडा, या भागांत गेलात की दिसेल. आठवडाभर आधीपासून म्हशीची सेवा सुरू असते. अंग तासून तेल लावून आरशासारखं केलेलं, शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं आणि गोंडे, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू नाहीतर चांदीचे तोडे. काहींच्या अंगावरचे केस कातरून नाव लिहिलेलं असतं. मालक मोटारसायकलवर बसतो, सायलेन्सर काढलेला, गाडी रेझ करतो आणि म्हैस त्या आवाजामागे पळत सुटते. शंभर गाड्यांच्या गोंगाटात ती आपल्याच मालकाची गाडी बरोबर ओळखते. ज्याची म्हैस न बिचकता मागे लागून येते त्याची त्या दिवशी कॉलर ताठ.

कानाला त्रास होतो, खोटं कशाला बोलू. धूरही असतो. ‘जाळ अन् धूर संगटच’ हे कोल्हापूरचं बोलणं तिथे शब्दशः समजतं. पण ज्या जनावरावर घर चालतं त्याला वर्षातून दोन दिवस नवरीसारखं मिरवायचं, हे मला पुण्या-मुंबईच्या कुठल्याही लायटिंगपेक्षा जास्त दिवाळी वाटतं. रस्त्याच्या कडेला, शक्यतो ओट्यावर उभं राहा. म्हैस वळताना कुणाला विचारत नाही.

याशिवाय पेठांमधून फिरा आणि पोरांनी केलेले किल्ले बघा. पन्हाळा आणि विशाळगड इथल्या पोरांना घरचेच, त्यामुळे तटबंदीत चूक काढलीत तर दहा वर्षांचा मावळा तुम्हाला इतिहास शिकवेल.

किरणोत्सव म्हणजे नेमकं काय घडतं?

देऊळ पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ आत येतात आणि गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. नोव्हेंबरात साडेपाच ते पावणेसहाच्या सुमाराला ही काही मिनिटं येतात. किरण वर चढतं तेव्हा आतले दिवे मालवलेले असतात.

कधी होत नाही. क्षितिजावर ढग असला, हवेत बाष्प किंवा धूळ जास्त असली की किरण गुडघ्यापर्यंत येतं आणि विझतं. समोरच्या रस्त्यावर वाढलेल्या इमारतींचाही अडथळा आहे, त्यावर वर्षानुवर्षं मोजमापं आणि चर्चा चालू आहेत. त्यामुळे एका दिवसाच्या भरवशावर लांबून येऊ नका, तिन्ही दिवस हातात ठेवा. आत जागा मिळाली नाही तर बाहेर पडद्यावर दाखवतात. मला विचाराल तर त्या वेळी महाद्वार रोडला उभं राहून उलटीकडून बघण्यातही गंमत आहे: सूर्य पाठीशी, आपली सावली देवळाकडे पसरलेली, आणि एरवी कर्णा वाजवल्याशिवाय न हलणारा रस्ता थोडा वेळ गप्प.

नाटक-बिटक काही?

नोव्हेंबरच्या सुमाराला राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, कोल्हापूर केंद्रावर हौशी संघ रोज एक नाटक करतात. तिकीट चहा-वड्याच्या किमतीत. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. त्या रात्री शेजारच्या खासबाग मैदानाच्या कडेला उभी राहून रडणारी माणसं मी बघितली, त्यात एकदाही नाटकाला न गेलेलेही होते. तेव्हा प्रयोग कुठल्या नाट्यगृहात आहे ते तिकिटावर नीट वाचून निघा.

त्रिपुरारी पौर्णिमेला घाट की खिद्रापूर?

दोन्ही जमतं, कारण वेळा वेगळ्या.

पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव पहाटेचा. तीन-साडेतीनला उठा. घाटाच्या पायऱ्यांवर, नदीतल्या देवळांवर, दीपमाळांवर हजारो पणत्या. तेल ओतायला आणि वाती लावायला कुणीही हात लावू शकतं, नुसतं बघत उभं राहण्यापेक्षा ते बरं. नोव्हेंबरची थंडी नदीकाठी चांगलीच बोचते, स्वेटर घ्या. पायऱ्यांवर तेल सांडलेलं असतं, घसरू नका. उजाडायला लागलं की दिवे फिके पडतात आणि लोक मिसळ शोधत निघतात.

खिद्रापूर रात्रीचं. शिरोळ तालुक्यात, कृष्णेकाठी, कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ. पुढच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि मधोमध छताला गोल मोकळी जागा. त्रिपुरारीच्या मध्यरात्रीच्या सुमाराला चंद्र बरोबर त्या गोलावर येतो आणि खालच्या वर्तुळाकार शिळेवर चांदणं उतरतं. आता तिथे गर्दी व्हायला लागली आहे, आणि ऐन वेळी शंभर मोबाइलचे दिवे लागले की चांदण्याचं काही खरं नाही. तुम्ही तरी लावू नका. परतीला एसटी नसते, गाडी ठरवूनच जा, आणि चालकाला आधी सांगा की मध्यरात्रीनंतर निघायचं आहे. आमचा एकदा साडेदहालाच ‘चला की सायेब’ करायला लागला होता. त्याला मंडपात आणून उभा केला, वर बघायला लावलं. मग निघायला उशीर त्याच्यामुळे झाला.